जळगावात घरच्या घरी टेपवर रेकॉर्डिंग: करावं की नको?

तापीकाठचा:
मागच्या खोलीत रेकॉर्डिंगची सोय करतोय, कॉम्प्युटरशिवाय. मुंबईत एकाकडे रेव्हॉक्स बी७७ (पाव इंची टेपच्या रिळांचं जुनं रेकॉर्डर) आणि चार ट्रॅकचं कॅसेटवालं पोर्टास्टुडिओ (चार आवाज वेगवेगळे घेऊन एकत्र करायचं मशीन) विकायला आहे. कानबाईची (आपली खानदेशी देवी), आखाजीची (अक्षय तृतीयेची) गाणी आणि वहीगायन हा लोकगायनाचा प्रकार टेपवर घ्यायचंय. हल्ली अहिराणी गाणं म्हणजे कीबोर्डचा ठेका, ऑटोट्यून, आणि एकाच बाईचा आवाज चारदा चिकटवून केलेला कोरस. चारच ट्रॅक हाताशी असले की मंडळींना आधी बसून गाणं बसवावं लागतं. विरोध असेल तर खुशाल करा.

सोल्डरगन:
खुशाल करतो. आधी मशीनच्या मागची पट्टी वाच. जपान-अमेरिकेतून आलेल्या कित्येक जुन्या डेकची मोटर ६० हर्ट्झच्या विजेवर (सेकंदाला ६० आवर्तनं) बेतलेली असते, वेग त्यावरच ठरतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरेल, वेग सुधारणार नाही. बाहेरून आलेली टेप त्यावर लावलीस तर काळी चार पट्टीतलं गाणं साधारण पांढरी चारमध्ये ऐकू येईल.

तापीकाठचा:
बी७७ला ते लागू नाही भो. त्याच्या मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं, विजेच्या हर्ट्झशी संबंध नाही.

सोल्डरगन:
बरं, त्यातून सुटलास. कपॅसिटरचं काय? त्या काळच्या बऱ्याच युरोपियन मशिनांत रिफा कंपनीचे पिवळसर पारदर्शक कपॅसिटर असतात. वरच्या आवरणाला बारीक चिरा पडतात, आत ओल शिरते, आणि एक दिवस फट्ट करून खोलीभर घाण वासाचा धूर. पार्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील, इथल्या गोलाणी मार्केटला मोबाईलचं कव्हर मिळेल. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ला जातो, त्यात लाईट जाते.

केळीचं_पान:
मूळ मुद्दाच पटत नाही. ऑटोट्यून कॉम्प्युटर लावत नाही, माणूस लावतो. नको तर नको लावू. लॅपटॉपवरही चारच ट्रॅक घ्यायचे असं ठरव की, कोण अडवतंय? त्याच पैशात दोन बरे माइक येतील. एसएम५७ १९६५ पासून बनतोय, आजही नवा कोरा मिळतो. जुनंच हवं तर तो घे.

तापीकाठचा:
ठरवतो सगळेच, पाळतं कोण? अनडूचं बटण समोर असलं की बोट जातंच.

ढोलकीवाला_धुळे:
मी दोन्हीकडे वाजवलंय, म्हणून बोलतो. बसवलेल्या बँडला टेपची शिस्त मानवते. कानबाईच्या बायांना नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण चालतं. एकीनं ओळ टाकली की दुसरी त्यात आपल्या जावेचं नाव घुसडते, हशा पिकतो, तिथून गाणं भलतीकडेच जातं. साडेदहा इंची रीळ सेकंदाला ३८ सेंटिमीटरच्या वेगाला जेमतेम ३३ मिनिटं चालते. ऐन रंगात आल्यावर "मावशी, थांबा, रीळ बदलतो" म्हणशील? आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलंस तर त्या म्हणतील, पण पाठ केल्यासारखं.

तापीकाठचा:
बठ्ठं खरं शे, पण १९च्या वेगाला तासाच्या वर निघते ना.

ढोलकीवाला_धुळे:
मग हिस, म्हणजे टेपची सरसरही वाढते. निवड.

भुसावळकर काका:
पोरांनो, जपणुकीचंही बघा. माझ्याकडच्या ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटी अजून वाजतात. मुलाची हार्ड डिस्क मात्र गेली ती गेलीच. तेव्हा टेप वाईट नाही. पण जुन्या रिळा स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका. अँपेक्स ४५६सारख्या टेपचा गोंद ओल धरून चिकट होतो, टेप वाचणाऱ्या हेडवर काळपट थर बसतो, टेप किरकिर करते. त्या जागी नवी रीळ म्हणजे फ्रान्स नाहीतर अमेरिका, वर कस्टम. आणि खोली कुठली? पत्र्याची असेल तर मशीन कितीही भारी असू दे, डबडंच वाजेल.

तापीकाठचा:
नाही काका, गावाकडचं धाब्याचं घर आहे. मातीच्या जाड भिंती, वर माती-लाकडाचं धाबं. टाळी वाजवली तर आवाज घुमत नाही.

भुसावळकर काका:
मग अर्धा स्टुडिओ आजोबांनीच बांधून ठेवलाय तुमच्या. तिथं साधा माइकही चांगला लागेल.

केळीचं_पान:
तेच तर म्हणतोय! घर चांगलं, बाया चांगल्या, मग लोखंड कशाला? शेवटी यूट्यूबवर टाकायला डिजिटल करणारच ना.

तापीकाठचा:
करीन, पण गाऊन झाल्यावर. गाताना कुणी स्क्रीनकडे बघणार नाही, एवढंच हवंय. रविवारी मुंबईला जातोय मशीन बघायला.

सोल्डरगन:
जातोच आहेस तर सिरीज बोर्ड (मशीनची वीज बल्बमधून नेणारा) घेऊन जा, १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून. मशीन त्यातून चालू कर. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर प्लग काढ. पिंच रोलर (टेप दाबून पुढे नेणारं रबरी चाक) नखानं दाबून बघ, नख रुतत नसेल तर रबर वाळलंय. हेडवर टेप घासून खाच पडली असेल तर किंमत पाड. विकणारा "कालच सर्व्हिस केलंय" म्हणाला तर बिल माग. आणि तरीही सांगतो, घेऊ नको.