जुन्या अँप्लिफायरचा डावा चॅनल मध्येच जातो, रिले बदलण्याबाबत मदत हवी आहे

सत्तरच्या दशकातला ट्रान्झिस्टरचा स्टिरिओ अँप्लिफायर आहे. हळू आवाजात डावा चॅनल खरखरत गायब होतो, व्हॉल्यूम क्षणभर वाढवला की ‘टक्’ होऊन परत येतो. स्पीकर आणि इनपुटच्या वायरी अदलाबदल करून पाहिल्या, दोष डावीकडेच राहतो. व्हॉल्यूम, बॅलन्स, सिलेक्टर सगळीकडे कॉन्टॅक्ट क्लीनर मारून झाला, काडीचाही फरक नाही. स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज दोन्हीकडे २० मिलिव्होल्टच्या आत. झाकण काढल्यावर प्रोटेक्शन रिलेचे (बिघाड झाला तर स्पीकर तोडणारा विजेवर चालणारा स्विच) कॉन्टॅक्ट काळे पडलेले दिसले. पॉलिश पेपर मुद्दाम लावला नाही, वरचा चांदीचा थर खरवडला जाईल. तसाच रिले आता मिळत नाही. जुन्यावर २४ व्होल्ट डीसी लिहिलंय. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. मूळ बोर्ड कापायचा नाही. पर्यायी रिले घेताना व्होल्टेजसोबत कॉइलचा (रिले चालवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) रेझिस्टन्सही जुळायलाच हवा का, आणि किती फरक चालतो?