मदत हवी आहे: ऑर्किडच्या कुंड्यांत रंगीत बेडूक. खत-फवारणीचं काय करू?

रानहळद: पंधराएक ऑर्किड आहेत, कॅटलिया आणि डेंड्रोबियम कोळसा-सालीच्या मिश्रणात, वांडा टांगत्या टोपल्यांत. त्यांत तीन-चार पोपटी झाडबेडूक राहायला आलेत. उडी मारली की मांड्यांचा केशरी रंग दिसतो. दोन प्रश्न: कळ्या कुरतडलेल्या दिसताहेत, ते यांचं काम का? आणि दर आठवड्याला 20-20-20 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) देते, त्याने त्यांना इजा होईल का?

खडूस_माळी: बेडकांवर आळ घेऊ नका. मोठे झालेले बेडूक जवळजवळ सगळेच किडे खातात आणि भक्ष्य अख्खंच गिळतात. (ब्राझीलमधला एक झाडबेडूक फळं खातो, पण तो अपवाद.) रात्री टॉर्च घेऊन बघा. कळीची कड वेडीवाकडी खाल्लेली आणि जवळ वाळलेला चकचकीत पट्टा असेल, तर ती गोगलगाय. बेडकाची खूण म्हणजे पानावर काळपट, लांबट लेंडी. पाण्याने धुतली की जाते. फार तर नाजूक फुलदांडा त्याच्या वजनाने वाकेल, त्याला काडीचा आधार द्या.

गोगलगायी हाताने वेचा. गोळ्या वापरायच्याच असतील तर आयर्न फॉस्फेटच्या. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्यामांजरांनाही विषारी असतात. मीठ टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मुळंही जळतील आणि बेडूकही.

दवबिंदू: खताबद्दल. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीतून शोषतो. म्हणून क्षार दाट झाले की तेच पाणी उलट त्याच्या अंगातून बाहेर ओढलं जातं. लिटरला 1 ग्रॅम टाकत असाल तर 0.25 ग्रॅमवर या, ऑर्किडला तेवढं पुरतं. आणि क्रम महत्त्वाचा: दिवसा बेडूक सालीच्या फटीत झोपलेला असतो, म्हणून आधी साधं पाणी भरपूर ओता, तो बाहेर आला की दहा-पंधरा मिनिटांनी खत. महिन्यातून एकदा कुंडी नुसत्या पाण्याने धुवून काढा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं की बरंचसं उडतं. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) मात्र तसं जात नाही, त्याला मत्स्यटाकीत वापरतात ते पाणी-शुद्धक लागतं. आणि ती बादली झाका, नाहीतर त्यात खरबरीत काठी तिरकी ठेवा. झाडबेडूक भिंत चढतो, भुईवरचा बेडूक बुडतो.

रानहळद: पिठ्या ढेकणासाठी निंबोळी तेल आणि साबण मारत होते. तेही बंद?

दवबिंदू: बेडूक असलेल्या कुंडीवर बंद. साबणाने कातडीवरचा ओलसर थर जातो. कापसाच्या बोळ्याला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फक्त किड्यावर टेकवा. फवारणी टळतच नसेल तर कुंडी नीट तपासून दूर न्या, फवारा, वाळू द्या, दुसऱ्या दिवशी धुवा, मग परत ठेवा. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारी) कीटकनाशकं मी तरी वापरू नका म्हणेन. बेडकांचं खाद्य असलेले किडेच त्यात मरतात.

पानगळ: त्यापेक्षा पकडून ओढ्यावर सोडून द्या ना.

खडूस_माळी: नको. 1999 मध्ये शास्त्रीय नाव मिळालेली काइट्रिड बुरशी बेडकांच्या कातडीवर वाढते, आणि असे बेडूक इकडून तिकडे नेल्याने ती पसरते. हलवावाच लागला, उदाहरणार्थ कुंडी बदलताना, तर हात साबणाने धुवून, साबण पूर्ण काढून, साध्या पाण्याने ओले करा. मग बेडूक मूळ जागेपासून दोन मीटरच्या आत सावलीत ठेवा. नंतर पुन्हा हात धुवा: काहींच्या कातडीत विष असतं, शिवाय साल्मोनेला (पोट बिघडवणारे जिवाणू).

झोपलेला ओळखायचा तर पानाच्या बेचक्यात बघा. पाय पोटाखाली घेतलेले, डोळे मिटलेले, रंगीत मांड्या लपलेल्या. पानावरचा पोपटी फुगवटाच वाटतो, म्हणून कात्री चालवण्याआधी बोटाने चाचपा.

रानहळद: दोन कुंड्या दुसऱ्या गावी पाठवायच्या आहेत.

खडूस_माळी: बेडकासकट नको. पोर्तो रिकोचा कोकी बेडूक रोपवाटिकेतल्या झाडांबरोबरच हवाईत पोचला आणि तिथे उपद्रवी झाला. त्याची अंडी पाण्याबाहेर ओलसर जागीच उबतात, डबकं लागत नाही. तुम्ही कुंडी काठापर्यंत पाण्यात 20 मिनिटं बुडवा, बेडूक वर येईल. अंडी मात्र पळत नाहीत, म्हणून जुनं मिश्रण तुमच्याकडेच काढून ठेवा आणि मुळं धुवून नव्या सालीत लावून पाठवा.