मदत हवी आहे : कुवेतच्या नोकरीसाठी एजंटने पासपोर्ट अडकवलाय

माझा धाकटा भाऊ वेल्डर आहे, शिक्षण नववी, पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे कुवेतसारख्या देशात नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. कुवेतला पाठवतो म्हणून एका एजंटने १,२०,००० सांगितले, ४०,००० रोख घेतले. पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान. त्यावर ना शिक्का, ना नोंदणी क्रमांक. पासपोर्टही त्याच्याकडेच. आता फोन उचलत नाही.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार एजंटची नोंदणी लागते आणि सेवाशुल्क ३०,००० अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीकृत एजंटांच्या यादीत याचं नाव सापडलं नाही. आई रात्रभर झोपत नाही हो.

आधी पोलिसांत जाऊ की मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयात (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी कार्यालय)? पासपोर्ट परत मिळवलेलं कुणी आहे का? कृपया सांगा.