मदत हवी आहे : वाचन घडाघडा, उत्तर मात्र धड्यातली ओळ

चौथीचा वर्ग, धुळे तालुका. बहुतेक घरांत अहिराणी. ‘आभाळ भरून आलं तशी आईनं खाटेवरचे बिबडे भराभर उचलले.’ (बिबडे म्हणजे उन्हात वाळवायचे ज्वारीचे पापड.) का उचलले? उत्तर येतं, ‘आईनं बिबडे उचलले.’ प्रश्नातला शब्द सापडला की तीच ओळ उतरवतात.

पाच-सहा वाक्यांनी थांबून ‘काय व्हयनं?’ (काय झालं?) विचारलं की अहिराणीत कारण अचूक सांगतात. म्हणजे समज आहे, लिहितानाच कारण गळतं! पुराव्याच्या शब्दांखाली रेघ आणि शेजारी ‘मला आधीच माहीत आहे’ हा रकाना, एवढं सुरू केलंय. पण रेघ अख्ख्या परिच्छेदाखाली जाते. ती ‘आभाळ भरून’ एवढ्यावर कशी आणावी? मुलांनी पुरी करायची ‘…म्हणून…’ची अर्धी वाक्यं किती आठवडे द्यावीत?