उत्तर: 6.2 आणि 7.7 मध्ये 'थोडाच' फरक?

किल्लारीचा भूकंप 6.2 चा आणि भूजचा 7.7 चा, म्हणजे दोन्हींत दीडच अंकाचा, थोडाच फरक, असं इथे कुणीतरी म्हटलंय. हे गणित पटलं नाही. भूकंपाची ही मोजपट्टी लॉगरिदमिक आहे, म्हणजे ती बेरजेनं नाही, पटीनं वाढते. एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण 32 पट होते, दीड अंकाला जवळपास पावणेदोनशे पट. (आणि वाहिन्या अजूनही 'रिश्टर' म्हणत असल्या तरी मोठ्या भूकंपांसाठी हल्ली मोमेंट मॅग्निट्यूड ही मोजपट्टी वापरतात.)

मग भूजपेक्षा इतक्या लहान भूकंपात किल्लारीत दहा हजारांच्या आसपास माणसं कशी गेली? 6.2 हा आकडा भूकंपाच्या उगमापाशी किती ऊर्जा सुटली त्याचा. आपल्या दारात किती हादरलं ती तीव्रता, ती वेगळी मोजतात आणि गावागणिक बदलते. किल्लारीचा उगम फारसा खोल नव्हता, त्यात तिकडची माळवदाची घरं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडावर मातीचा थर, आणि गळू नये म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा टाकलेली माती. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. हेच दुपारी झालं असतं तर कितीतरी माणसं शेतात असती.