अनुभव धागा : बाईकची चाकं तुम्ही कशी धुता?

पाऊस सरला की टाकी, सीट, मडगार्ड सगळं अर्ध्या बादलीत लखलखीत होतं. घोडं अडतं ते चाकांपाशी. हा धागा फक्त चाकांसाठी काढतोय. साबण कुठला चांगला, यावर वाद घालत बसू नका. चाक कुठलं (तारांचं की मॅगव्हील, म्हणजे ओतीव जाड आऱ्यांचं), तुमच्याकडचा चिखल कसला आणि तो कशाने निघाला, एवढं लिहा. माझ्या मते खरा फरक चिखलाचाच असतो. एकाच्या कामी आलेला उपाय दुसऱ्याकडे चालत नाही तो त्यामुळेच.

सुरुवात माझ्यापासून. राहतो पुण्यात. गाडी १५० सीसी, काळं मॅगव्हील, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. बाकी गाडीच्या आधी चाकं धुतो आणि त्यांची बादली-फडकं वेगळं ठेवतो. चाकातली रेती त्याच फडक्यातून टाकीवर गेली की बारीक ओरखडे पडतात. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर डिस्क निवेपर्यंत थांबतो. मग मेन स्टँड, न्यूट्रल, इंजिन बंद. आधी साधं पाणी ओतून रेती सुटू द्यायची, त्यानंतर एक रुपयाच्या शॅम्पूची पुडी मगभर पाण्यात. हत्यार म्हणजे बाळाची दुधाची बाटली धुवायचा ब्रश. आऱ्यांच्या मागच्या बाजूला, जिथं बोट शिरत नाही, तिथं तो सहज फिरतो. पुढच्या चाकावर डिस्कच्या बाजूला करडी भुकटी बसते, ती ब्रेक पॅडची. ती ताजी असेपर्यंत शॅम्पूने जाते. महिनोन्‌महिने राहिली तर रंगात मुरते.

मागच्या चाकावर डावीकडचा काळा राप मात्र शॅम्पूला दाद देत नाही. ते चेनचं तेल. फडक्याला जेमतेम रॉकेल लावून पुसतो, मग परत शॅम्पू. रॉकेल आता मिळतं कुठे, हा वेगळाच प्रश्न.

आता तुमची पाळी.

काळंरान (लातूर)

दादा, तुमचा पुण्याचा चिखल म्हणजे नुसती धूळ. आमच्याकडं काळ्या रानात जून-जुलैला गाडी घाला म्हणजे कळंल. माती टायरला चिकटती, टायर ती मडगार्डात नेऊन भरतं, आणि शंभर पावलांवर चाक फिरायचंच थांबतं. पहिला गेर टाकून रेस केली की क्लच प्लेट जळते, चाक काही हलत नाही. कितीतरी जण पेरणीच्या दिवसांत पुढचं मडगार्ड काढूनच ठेवतात. म्हणून बाभळीची चपटी काडी गाडीला कायम बांधलेली असते. खुरपं घालू नये, रिमचा रंग खरवडतो आणि पुढं तिथंच गंज धरतो.

धुण्याचं म्हणाल तर वेळ साधायला लागते. ओली माती पाण्यानं धुवायला जाल तर सगळीकडं सारवल्यागत पसरते. कडक वाळली तर खडक. मधली वेळ धरायची. घरी आल्यावर गाडी वाऱ्याला लावायची आणि माती भेगाळायला लागली की काडीनं ढलप्या पाडायच्या. चार बोटं जाडीचे थर सलग निघतात. मग राहिलेल्याला एक-दोन तांबे पाणी बास होतं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा गाडी धुणं म्हणजे पापच वाटायचं. ही कोरडी पद्धत तेव्हापासून अंगवळणी पडली, ती पाणी आल्यावरही सुटली नाही.

ढलप्या पाडल्यावर मागचा ड्रम बघा. ब्रेकच्या दांड्याच्या सांध्यात माती बसली की पाय काढला तरी ब्रेक पुरता सुटत नाही आणि लायनर (ड्रमच्या आतले ब्रेकचे पट्टे) घासत राहतात. तिथं जुना टूथब्रश आणि तेलाचा एक थेंब.

तांबडारस्सा (कोल्हापूर)

आपली बुलेट, क्रोमची रिम, तारांची चाकं. मॅगव्हीलवाल्यांनो, तुम्हाला काय कळणार तारा पुसायचं सुख! बायको म्हणते, एवढ्या मायेनं कधी घरातली भांडी पुसली असती तर.

तारांसाठी ब्रश नको. जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी फाडायची, तारेच्या मागून घालायची, दोन्ही टोकं धरून वर-खाली ओढायची. चांभार बुटाला पॉलिश करताना कापड ओढतो, अगदी तसं. एका ओढीत तार चारी बाजूंनी साफ. हबपाशी तारा एकमेकींवरून जातात ना, तिथं चिखल दडून बसतो. तिथं पट्टीला गाठ मारून गाठ फिरवायची.

क्रोमवर गंजाचे तांबूस ठिपके आले तर ॲल्युमिनियम फॉइल घ्या, पोळ्या गुंडाळायची. चुरगाळून गोळा करा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे क्रोमला चरा जात नाही आणि वरचा गंज निघतो. लगेच कोरडं पुसून पातळ मेण लावा. जिथं क्रोमचा पापुद्राच सुटलाय तिथं मात्र याने काही होत नाही, उलट कड आणखी उचकटते. तारेची घासणी लई लोक वापरतात. त्या दिवशी चकाकतं, पुढच्या पावसाळ्यात त्याच चऱ्यांत गंज.

कारखाना सुरू झाला की आमच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. पाचटाची पाती मागच्या हबभोवती गुंडाळतात आणि बाहेरून दिसतही नाहीत. चाक हाताने फिरवून बघा, सरसर आवाज आला की चिमट्याने ओढून काढा.

नवीननवरा (ठाणे)

एक शंका. मेन स्टँडवर गाडी चालू करून गिअर टाकला तर मागचं चाक आपोआप फिरतं. नुसतं फडकं धरायचं, काम पटकन होतं. व्हिडिओत पाहिलंय. कुणी करतं का?

पानापक्कड (गॅरेजवाला, सांगली)

करू नका. दादा, हे गमतीत घेऊ नका. फिरत्या चेनजवळ फडकं धरलं की त्याचं टोक चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये जातं, आणि फडक्यामागून बोट. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. आमच्या धंद्यात अशी अर्धी बोटं असलेली माणसं भेटतात. आणि त्यातले बरेच शिकाऊ नव्हते, जुने कारागीर होते. चाक हातानेच फिरवायचं, इंजिन बंद, चावी खिशात.

मुळात तो काळा राप येतो कशामुळे ते बघा. चेनवर बदाबदा तेल ओतलं की ते चाकावरच उडणार. चेन आधी रॉकेलने धुवा. ओ-रिंगच्या (कड्यांत रबरी रिंगा असलेल्या) चेनला रॉकेल चालतं, पेट्रोल नको, रबर खराब होतं. वाळली की ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे आतल्या बाजूने थोडाथोडा. तासभर, जमलं तर रात्रभर, मुरू द्या आणि वरचं जास्तीचं पुसून घ्या. बाहेरून चेन कोरडी दिसली पाहिजे, तेल हवंय ते आत. एवढं केलंत तर चाक धुवायचं काम निम्म्यावर येतं.

रॉकेल नाही म्हणून डिझेलने पुसणारे आहेत. राप निघतो, पण मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ दुप्पट बसते. डिझेल, रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे यातलं काहीही डिस्कवर जाऊ देऊ नका. डिस्कवर तेल गेलं की पॅड ते पितात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. गेलंच तर डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा ब्रेक क्लीनरने पुसायची. पॅड जास्तच भिजले असतील तर बदलायचे, घासत बसायचं नाही.

माडबन (मालवण)

आमच्याकडे दोन शत्रू, एक जांभ्याची तांबडी माती आणि दुसरी खारी हवा. तांबडी माती दिसते तरी. मीठ दिसतच नाही. किनाऱ्यावर गाडी नेणारे पर्यटक परत जाताना चाकांवरची वाळू झटकतात आणि झालं म्हणतात. वाळूने फारसं बिघडत नाही. तारांच्या निपलात (तार रिमला धरणाऱ्या छोट्या नटात) आणि नटबोल्टच्या आट्यांत मीठ बसतं, मग आऊट काढायची, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायची, वेळ आली की निपल फिरतच नाहीत, तार तुटते.

माझा उपाय अगदी साधा. किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी नुसतं गोडं पाणी, भरपूर, बागेच्या पाइपने. साबण नाही, घासणं नाही. ब्रश फिरवायचा तो मीठ गेल्यावर. चांदीच्या रंगाच्या मॅगव्हीलवर तांबड्या मातीची झाक राहते, तिला घोसाळ्याची वाळलेली घासणी आणि साबणाचं पाणी पुरतं. नारळाचा काथ्या नको हो, घरात ढीगभर पडलेला असला तरी. ओरखडे काढतो.

आणि पाऊस थांबायची वाट बघत बसू नये. आमच्याकडे चार महिने तो थांबतच नाही. सर आली की गाडी पन्हळीखाली लावायची, अर्धं काम पागोळ्या करतात.

राजदूतवाला (नाशिक)

तुम्हा मंडळींचे ब्रश न्‌ शॅम्पू वाचून करमणूक झाली. आमची राजदूत होती तेव्हा घरात रिठे असायचेच, दागिन्यांसाठी. पाच-सहा रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळायचे. ते पाणी क्रोमला, रंगाला, रबराला, कशालाच बाधत नाही. आजही नातवाच्या गाडीला तेच वापरतो. तो हसतो, पण धुऊन घेतो.

दसऱ्याबद्दल एक सांगायचंय. खंडेनवमीला नाहीतर दसऱ्याला गाडीची पूजा होते, चाकाला हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, पुढ्यात नारळ फोडतात. नारळाचं पाणी उडून रिमवर वाळलं की चिकट डाग राहतो आणि त्यावर धूळ बसते. ते संध्याकाळीच साध्या पाण्याने पुसावं. हळदीला साबण लावला की ती लाल होते, मग घरात घबराट. घाबरू नये. पाण्याने पुसून गाडी उन्हात ठेवावी, हळदीचा डाग उन्हात फिका पडतो. झेंडूच्या माळेचा दोरा मात्र सुटून चाकात जातो, तो आठवणीने कापून काढावा.

संत्रानगरी (नागपूर)

काकांनी दोऱ्याचं काढलं म्हणून आठवलं. संक्रांतीनंतर आमच्याकडे रस्तोरस्ती मांजा. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून बंदी आहे, पण मिळतो तो मिळतोच. चाकाच्या एक्सलभोवती गुंडाळला की हळूहळू आत जाऊन ऑइल सील कापतो. सील गेलं की पाणी बेअरिंगपर्यंत. जानेवारीत चाक धुताना एक्सलजवळ टॉर्च मारून पहा भाऊ. सापडला तर ब्लेडने कापा, ओढू नका.

रात्रपाळी (मुंबई)

मी डिलिव्हरी करतो. सोसायटीत गाडी धुवू देत नाहीत, वॉचमन ओरडतो, आणि पाणी आणायचं कुठून? फवाऱ्याची बाटली, त्यात पाणी आणि शॅम्पूचे दोन थेंब. एका चाकावर फवारा, पाच मिनिटं चहा, मग जुन्या बनियनने पुसायचं. हातात मोजा घालून आऱ्यांतून फिरवलं तर आणखी लवकर होतं. रोज थोडं केलं की साठत नाही. बास.

काळंरान (लातूर)

@रात्रपाळी, भावा, बनियन एकच असंल तर रेती घासली जाईल. दोन ठेव.

सोलापुरी (सोलापूर)

बोअरच्या पाण्याचं कुणीच लिहिलं नाही. आमच्याकडे काळ्या मॅगव्हीलवर धुतल्यापेक्षा न धुतलेलं बरं दिसतं, इतके पांढरे डाग. ते क्षार आहेत. पाणी उन्हात वाळू दिलं की बसतात. सावलीत धुवायचं आणि शेवटचं पाणी वाळायच्या आत पुसून काढायचं. जुने डाग असतील तर पांढरं व्हिनेगर तेवढंच पाणी घालून फडक्याने लावा, मिनिटभरात धुऊन टाका. जास्त वेळ ठेवू नका.

संडास धुवायचं ॲसिड वापरू नका, कुणीही काहीही सांगो. वरचं पारदर्शक कोटिंग जातं, खालचं ॲल्युमिनियम पांढुरकं पडतं, तारा असतील तर काळवंडतात. ते परत येत नाही, रंगच मारावा लागतो.

तांबडारस्सा (कोल्हापूर)

मे महिन्यात नवीन डांबर पडलं की त्याचे ठिपके. खोबरेल लावा, पंधरा मिनिटांनी पुसा, मग साबण. नखाने उकरू नका. (डिस्कच्या बाजूला हात जपून, वर गॅरेजवाल्या भावाने सांगितलंयच.)

पानापक्कड (गॅरेजवाला, सांगली)

वॉशिंग सेंटरचं राहिलं. प्रेशरचं पाणी चाकाच्या मध्यावर, म्हणजे हबवर, सरळ मारू देऊ नका. सीलच्या कडेने पाणी आत जातं, ग्रीस धुतलं जातं आणि काही महिन्यांनी बेअरिंग घरघरायला लागतं. नोजल हातभर लांब आणि तिरकं धरायला सांगा. चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. खुळखुळलं तर बेअरिंग गेलं समजा.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा. डिस्कजवळ भोकांची एक छोटी चकती फिरते, तिच्या शेजारी सेन्सर असतो. तिथं चिखल भरला की मीटरवरचा दिवा पेटतो आणि गिऱ्हाईक घाबरून येतं. मऊ ब्रश आणि पाणी एवढंच लागतं, स्क्रू ड्रायव्हर घालू नका.

रिमला शिशाचे छोटे तुकडे चिकटवलेले असतात, ते घाण म्हणून उचकटणारेही बघितलेत. ते बॅलन्सिंगचे आहेत, राहू द्या. टायर पॉलिश बाजूलाच लावा. रस्त्याला टेकतो त्या भागावर लावलं तर पहिल्याच वळणावर गाडी घसरते. धुऊन झाल्यावर गल्लीतल्या गल्लीत हळू चालवत दोन्ही ब्रेक दाबून वाळवा. ड्रममध्ये पाणी गेलं असेल तर पहिले काही ब्रेक लागतच नाहीत.

नवीननवरा (ठाणे)

सगळ्यांचे आभार, गिअरचा विचार सोडला. पण माझ्या गाडीला मेन स्टँडच नाही, फक्त साइड स्टँड. चाक फिरवू कसं? पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) घ्यावाच लागेल का?

पानापक्कड (गॅरेजवाला, सांगली)

नाही लागत. एकट्याने गाडी तिरकी करून वीट-बिट लावू नका, अंगावर येते. टायरच्या बाजूला खडूने खूण करा. समोर दिसतो तेवढा भाग धुवा, गाडी थोडी पुढे ढकला, पुढचा भाग धुवा. खूण परत खाली आली की चाक झालं. १७ इंची चाकाचा पूर्ण फेरा साधारण १.९ मीटरचा असतो, म्हणजे पार्किंगच्या जागेत बसतं. फक्त दर वेळी साइड स्टँड नीट लावून मगच खाली बसा, आणि उताराला हे करू नका.