मदत हवी आहे: मोठ्या बँकेचा शेअर स्वस्त आहे की महाग, कसं ठरवता?

मंडळी, एका मोठ्या बँकेचे शेअर लांब पल्ल्यासाठी घ्यायचं मनात आहे. उत्पादन करणाऱ्या कंपनीचा ताळेबंद मला बऱ्यापैकी वाचता येतो, बँकेच्या ताळेबंदापुढे मात्र गाडी अडते.

भाव पुस्तकी मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता प्रति शेअर उरणारी रक्कम) खाली आहे, म्हणजे वरवर स्वस्त. पण पुस्तकी मूल्य हा आकडाच मुळात कर्जं वसूल होतील या भरवशावर उभा. बुडू शकणाऱ्या कर्जांसाठीची तरतूद कमी केली की नफाही फुगतो आणि पुस्तकी मूल्यही! म्हणून मी ढोबळ एनपीए (एकूण थकीत कर्जं), निव्वळ एनपीए (त्यातून तरतूद वजा जाता उरलेली) आणि वर्षभरात निर्लेखित केलेली, म्हणजे बुडीत धरून ताळेबंदातून काढलेली कर्जं एकत्र बघतो. कर्ज निर्लेखित केलं तरी एनपीए घटतोच, त्यात खूश काय व्हायचं? यापलीकडे तुम्ही काय तपासता?

दुसरी अडचण रोख्यांची. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, ती काही थकीत कर्जांमुळे नव्हे. व्याजदर वाढले, रोख्यांच्या किमती पडल्या, आणि मुदतपूर्तीपर्यंत ठेवायच्या रोख्यांवरचा तोटा नफ्यातोट्यात आलाच नव्हता. ठेवीदारांनी पैसे काढायला सुरुवात केल्यावर सगळं उघडं पडलं. असा तोटा तुम्ही सीईटी-१ भांडवलातून (तोटा सोसणारं बँकेचं मुख्य भांडवल) वजा करून बघता का? बेसल-३ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ते जोखमीनुसार मोजलेल्या मालमत्तेच्या किमान ४.५ टक्के आणि वर २.५ टक्क्यांचा राखीव थर लागतो, पण वजाबाकीनंतर किती उरलं म्हणजे निर्धास्त राहायचं?

'मोठी बँक बुडू देत नाहीत' हे उत्तर कृपया नको. वाचवतात ते ठेवीदारांना. भागधारकांचा नंबर शेवटचा.